फालशाचं ऊन

किसन सोनकांबळे या माणसाचा मला इतक्या वर्षांनीही राग येतो. मायेनं येतो म्हणा, पण येतो. चांगल्या माणसानं हट्टानं स्वतःचं वाटोळं करून घ्यावं आणि वर आपल्यालाच समजवावं, "ताई, तुम्ही नका तरास करून घेऊ," असल्या माणसाचं काय करायचं ते सांगा.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जिल्हा झाला म्हणजे आधी पाट्या बदलल्या. मग माणसं आली, मग टेबलं आली, आणि बसायला जागा कुठंच नाही असं सगळ्यांत शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. आमचं बांधकामाचं ऑफिस एका बंद पडलेल्या डाळमिलच्या शेडमध्ये थाटलं होतं. फाईल झटकली की तुरीचा भुसा उडायचा. मी चाकूरची, आवक-जावकला कारकून. सोनकांबळे भाऊ नांदेडहून बदलून आलेले, ड्राफ्ट्समन. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागत होतं आणि जे जे लागत होतं ते आधी त्यांच्या टेबलावर कागदावर उभं राहायचं.

आणि पाऊस नव्हता. जिल्हा आला नि पाऊस गेला, असं लोक म्हणायचे. गावाबाहेर माळावर आम्हाला क्वार्टर मिळाले. नळ होते, नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की साऱ्या वसाहतीच्या घागरी-कळश्या धावायच्या.

आमची ओळख झाली तीच भांडणातून. आम्ही राहायला येऊन दोनेक दिवस झाले असतील. लेकरानं वाकळ भिजवली, ती मी कशीबशी धुतली आणि वाळत घालायला दोरी सापडेना. शेजारच्या क्वार्टरच्या मागं कमरेएवढी, पसरट, दणकट झुडपं दिसली. टाकली वाकळ त्यांच्यावर. थोड्या वेळानं कडी वाजली. दारात एक उंच, खांद्यातून जरा वाकलेला माणूस, दोन्ही हातांवर माझी ओली वाकळ, माहूरच्या देवीला पातळ घेऊन निघाल्यासारखा.

"ताई, ही तुमची?"

"हो. का?"

"झुडुप जेवून राहिलंय. जेवणाऱ्याच्या तोंडावर वाकळ टाकू नये."

मला वाटलं, गडी पिऊन आलाय. "काय जेवतंय झुडुप?"

"ऊन," ते म्हणाले. "दुसरं हाय काय इथं खायाला?"

वाकळ माझ्या हातात दिली आणि निघून गेले. मी दारात उभी राहून फणफणले. पुढं कळलं की वसाहतीतल्या प्रत्येक बाईला तिची तिची चादर, लुगडं, परकर असाच परत मिळालेला आहे, नीट घडी घालून.

त्यात बायकांचंही चुकत नव्हतं. आमच्याकडं उन्हाळ्यात पाहुणा आला की पाणी विचारायच्याही आधी म्हणतात, "साऊलीला या." सावली देणं हे आमच्यात पुण्य. त्या दुष्काळात तर माणूस सावलीसाठीच जगत होता. उन्हात उभी असलेली झुडपं बघून एखादीला दया यायची आणि ती वरून भिजवलेलं पोतं पांघरायची. सोनकांबळे भाऊ ते पोतं काढायचे आणि म्हणायचे, "माणसाला साऊली, फालशाला ऊन. उलटं केलं की दोघं बी मरतेत."

फालसा म्हणजे ती झुडपं. नांदेड भागात जुन्या बागांमधून फालशाचं पीक असायचं. वाटाण्याएवढं जांभळं फळ, आंबट-गोड, तोडल्यावर संध्याकाळपर्यंत टिकलं तर नशीब. भाऊंच्या अंगणात फालशांची एक रांग, कडेला दोन करवंदीची झुडपं, भिंतीशी एक रसभरी. एवढीच बाग. पण बोलायला लागले की वाटावं दहा एकर आहे.

एक माणूस दुसऱ्याला विचारतो, जेवलात का, बरं आहे का. हे विचारायचे, "तुमचं दार कुण्या तोंडाचं?" दार पूर्वेचं म्हटलं की डोळे बारीक करून तुमच्या घराचा नकाशा मनातल्या मनात फिरवायचे आणि न विचारता सल्ला द्यायचे. करवंदीला फालशासारखंच भरपूर ऊन. तुती अर्ध्या दिवसाच्या उन्हावर निभावते. रसभरी नखरेल, तिला सकाळचं ऊन पाहिजे आणि मे महिन्यात दुपारी डोक्यावर सावली पाहिजे, नाहीतर फुलं गाळते. दुपारच्या डब्याला हे प्रवचन सुरू झालं की लोक भाकरी घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचे. मी एकटी सापडायचे, कारण आवक-जावकचं टेबल उचलून नेता येत नाही.

मे महिन्यात स्वतःची छत्री रसभरीच्या डोक्यावर बांधून हा माणूस बोडक्यानं ऑफिसात यायचा. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. "अहो, ऊन लागून पडाल," मी ओरडायचे. "मी फुलं थोडीच धरलोय," म्हणायचे. यावर काय बोलावं!

सगळं कळायचं असंही नाही बरं का. मोठ्या साहेबांच्या बायकोनं एकदा महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीची रोपं कुंड्यांत घालून आणली. साहेबांनी यांना बोलावलं. यांनी कुंड्यांभोवती फेऱ्या मारल्या, पूर्वेच्या भिंतीशी त्या मांडायला लावल्या, दहापर्यंत ऊन आणि मग सावली असं फर्मान सोडलं आणि महिनाभर ऑफिसात सगळ्यांशी वाद घातला की लातूरला स्ट्रॉबेरी येते. होळीच्या आत पानांचे पापड झाले. मी म्हटलं, "आता तरी म्हणा, चुकलो."

"मी न्हाई चुकलो. हवा चुकली," ते म्हणाले. "तिचं माहेर लई थंडीचं हाय ताई. सासरी नुसती साऊली देऊन भागत न्हाई."

बाईसाहेब हसल्या. मला हसू आलं नाही, कारण वादात महिनाभर मीही डोकं घातलं होतं, त्यांच्या बाजूनं.

पण भांडावं तर सोनकांबळे भाऊंनी. आमच्या शिपायाच्या बायकोची, पांचाळ वहिनींची, कुंपणाशी एक तुती होती. क्वार्टरांचं उरलेलं काम करणाऱ्या कंत्राटदारानं सिमेंट ठेवायला नेमकं तिच्यासमोर पत्र्याचं शेड ठोकलं. वहिनी गप्प बसल्या, शिपायाच्या बायकोनं कंत्राटदाराला काय बोलावं? भाऊ ऑफिस सुटल्यावर तडक तिथं.

"हे शेड इथं कामून?"

"जागा मोकळी होती," कंत्राटदार म्हणाला.

"मोकळी न्हवती. ऊन हुतं तिथं."

कंत्राटदार हसला, त्याचे मजूर हसले. भाऊ हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन साहेबांकडं गेले. साहेबांनी हाकललं तर पुन्हा गेले. साहेब वैतागून म्हणाले, "सोनकांबळे, एका तुतीसाठी सरकारचा वेळ घेता?" तर म्हणाले, "साहेब, वहिनीच्या लेकरायला वर्षातून तेवढंच गोड मिळतंय." शेवटी कंत्राटदारानं कंटाळून शेड उचललं. त्या वर्षी पांचाळ वहिनींची पोरं तुती खाऊन तोंडं रंगवून फिरत होती. साऱ्या वसाहतीला तेव्हा कळलं, या माणसाला जीभ आहे आणि ती चांगली लांब आहे.

आता धुरपतामायचं सांगते. म्हणजे भाऊंची आई. एवढीशी म्हातारी, गुडघ्यांनी वाकलेली, पण नजर शाबूत. नांदेडला गोदावरीच्या अंगाला एका बड्या माणसाची बाग होती, तिथं ती उभा जन्म फालसे तोडायला मजुरीनं गेली. पहाटे जायचं, उन्हं चढायच्या आत टोपल्या भरायच्या. तोडणाऱ्या बायांनी फळ तोंडात टाकायचं नाही अशी तिथली रीत. टाकलं तर लपत नाही, फालशानं जीभ जांभळी होते. घरी जाताना मुकादम फाटकात उभा राहून एकेकीला म्हणायचा, "जीभ दाखव."

हे मला कसं कळलं, तर त्या पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी धुरपतामाय माझ्या दारात आली आणि काही न बोलता जीभ बाहेर काढून उभी राहिली. जांभळीजर्द जीभ! मी घाबरले. म्हटलं, माय, काय झालं, डॉक्टर बोलवू का? तर ती खदाखदा हसायला लागली. "बघ गं बाई, बघ! आपल्या झाडाचं हाय!" माझ्या दारावरून पांचाळ वहिनींच्या, तिथून पुढच्या, अशी दारोदार जीभ दाखवत ती पार साहेबांच्या बंगल्यापर्यंत गेली. मागून भाऊ लाजत, पळत, "माय, चल, माय, पुरे झालं."

नांदेडची ती बाग तोडून तिथं प्लॉट पडले तेव्हा मायनं ओच्यात बिया भरून आणल्या होत्या. भाऊंनी त्यांची रोपं केली, लातूरला बदली झाली तेव्हा ती वाढलेली झुडपंच मोठ्या डब्यांत घालून एसटीच्या टपावरून आणली. तेव्हा लोकांना वाटायचं की भाऊंना बागेचं वेड आहे. वेड बिड काही नव्हतं. आईनं जन्मभर दुसऱ्याचं तोडलं, आता म्हातारपणी तिनं स्वतःच्या झाडाचं तोडावं, पाहिजे तेवढं खावं, पाहिजे त्याला द्यावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. ते उन्हाचं प्रवचनही त्यासाठीच. फालशाला पाणी कमी चालतं, माती हलकी चालते, दुष्काळ चालतो. ऊन कमी चालत नाही. आमच्याकडं त्या साली दुसरं काही मिळत नव्हतं, ऊन मात्र फुकट आणि रगड होतं.

आणि मग टाकी आली.

वसाहतीला पाण्याची टाकी मंजूर झाली, उंच खांबांवरची. लांबून कुठून तरी पाइपलाइन येणार होती. बायांनी साखर वाटली. मीही वाटली. टँकरच्या रांगेत ज्यानं घागर धरली असेल त्यालाच कळेल.

साहेबांच्या टेबलावर वसाहतीचा नकाशा पसरला होता आणि मी टपाल घेऊन सहीसाठी उभी होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. टाकीला दोन जागा निघाल्या होत्या. एक फाटकाजवळ, तिथं काहीच नव्हतं, कुत्री झोपायची. दुसरी सोनकांबळ्यांच्या क्वार्टरच्या मागं, मावळतीला जरा दक्षिणेच्या अंगानं. भाऊंच्या झुडपांवरचं सकाळचं ऊन आधीच क्वार्टरची भिंत अडवायची, त्यांना खरं ऊन दहा-अकरानंतरचं. टाकी तिथं आली की तेही गेलं, हिवाळ्यात छाटणीनंतर नवी फूट येते तेव्हा तर पुरतंच गेलं. हे मला कळत होतं, मग ज्याच्या हातात पेन्सिल होती त्याला कळत नव्हतं का?

साहेब म्हणाले, "लेव्हल दोन्हीकडं सारखीच आहे. खर्चही तोच. सोनकांबळे, तुम्ही तिथंच राहता. बोला, कुठली घेऊ?"

इतकं सोपं होतं हो! एक शब्द. "फाटकाजवळची." संपलं.

भाऊ म्हणाले, "साहेब, मला नका विचारू. माझं घर हाय तिथं."

"मग तर तुम्हीच सांगा."

"म्हणूनच न्हाई सांगत."

साहेबांना यातलं काही कळलं नाही. त्यांना बैठकीला जायचं होतं. त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, नकाशावर ठेवलेली कपबशी उचलली. बशी खालून ओली होती. तिचा गोल डाग नकाशावर उमटलेला, नेमका मागच्या जागेवर. साहेब हसत म्हणाले, "घ्या, देवानंच जागा दाखवली. इथंच घ्या." सगळे हसले. भाऊंनी खिशातला रुमाल काढून तो डाग हलक्या हातानं टिपला. दुपारी मी त्यांच्या टेबलाकडं गेले तर त्याच डागावर कंपासनं गोल काढून झाला होता. सुबक, एकसारखा गोल.

माझं डोकं फिरलं. व्हरांड्यात गाठलं त्यांना. "तोंडात काय गूळ धरला होता का? पांचाळ वहिनीच्या तुतीसाठी कंत्राटदाराचं शेड हलवलंत आणि आईच्या फालशासाठी एक शब्द निघेना?"

"ती तुती दुसऱ्याची हुती ताई."

"म्हणजे?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, उलट राग आला की तो आणखी खाली जायचा. "हे बगा. तुम्ही टाकी सरकवली तर लोक म्हणतील, आपली सोय बघितली. चार दिवसात विसरून जातील. मी सरकवली तर म्हणतील, ह्यांचं असंच असतंय. ह्यांचं. मी नोकरीला लागलो त्या दिवसापास्नं ऐकून राहिलो हे. एक रेघ बी मी आपल्या फायद्याची मारलेली न्हाई, आणि ती मारणार बी न्हाई."

ते 'ह्यांचं' मला कुणी कधी म्हणालेलं नव्हतं. पण म्हणून राग थोडाच जातो? मी तशीच साहेबांकडं गेले. सगळं सांगितलं, म्हातारीचं, झुडपांचं, उन्हाचं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "अहो, मग सोनकांबळे बोलले का नाहीत? त्यांना लेखी द्यायला सांगा, एक ओळ पुरे, अजून बदलता येईल." मी उड्या मारत बाहेर आले. आणि भाऊंनी माझ्यापुढं पहिल्यांदा आणि शेवटचे हात जोडले. "ताई, तुमच्या पाया पडतो. माझ्या नावानं कुठं जाऊ नका." ती एक ओळ त्यांनी दिली नाही ती नाहीच दिली.

मायला यातलं काही सांगितलं नव्हतं. खड्डे खणायला मजूर आले तेव्हा तिनं विचारलं, "हे काय चाललंय रे?" भाऊ म्हणाले, "पाणी येणार हाय माय." म्हातारी खूश झाली. मजुरांना तिनं गूळ दिला.

टाकी उभी राहिली. खांब, वर मोठं गोल पोट, खाली पंपाची खोली, भोवती भिंत. आणि पाइपलाइन? ती कुठं तरी अडली. कधी पाइप नाहीत, कधी मंजुरी नाही, कधी मुळात जिथून पाणी आणायचं तिथंच पाणी नाही. कोरडी ठणठणीत टाकी आमच्या डोक्यावर उभी. पाणी आलं नाही, सावली तेवढी आली. आणि लोकांना ती आवडली! टँकरची वाट बघत बाया तिथं बसायला लागल्या, निवडणं-टिपणं घेऊन यायला लागल्या, ऑटोवाले दुपारचे ऑटो लावून झोपायला लागले. "बरं झालं बाई, साऊली झाली," असं म्हणायच्या. मला एकेकीला उठवून हाकलावंसं वाटायचं. पण त्यांची काय चूक? माळावर दुसरी सावली नव्हती.

भाऊंनी त्या हिवाळ्यात नेहमीसारखी फालशाची छाटणी केली, गुडघ्याएवढी. फूट आली ती लांबलचक, फिकट, काडीसारखी. उजेड शोधत सगळी झुडपं एका अंगाला कलली. फुलं नावाला.

त्यात एक दिवस डब्याच्या वेळी आमच्या अकाउंटच्या बाबूनं दही-भात कालवता कालवता सहज म्हटलं, "सोनकांबळेंनी बाकी टाकी बरोबर आपल्या परसात घेतली. नकाशा हातात ना! पाणी सुटलं की पहिली धार ह्यांच्या नळाला. ह्यांचं असंच असतंय."

हातातला घास मी डब्यात टाकला. मी उठलेच. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण साहेबांच्या खोलीतला पंखा बंद करून शिपाई ऐकायला आला एवढं आठवतं. कुठली धार, कसली धार, टाकीत चिमणीला चोच बुडवायला थेंब नाही, आणि त्या माणसाची आई... बाबू म्हणाला, "तुम्हाला काय झालं एवढं? मी गमतीनं बोललो." भाऊ त्यांच्या टेबलावर वाकून ट्रेसिंगवर शाई भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. रेघ चालूच, सरळ.

बाबू गेल्यावर मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "झालं समाधान? ज्याच्यासाठी गप्प बसलात ते शेवटी ऐकावं लागलंच ना? मग हलवली असती ती टाकी तर काय बिघडलं असतं? बोल तेवढाच लागला असता आणि फालसे तरी आले असते!"

"शाई वाळू द्या ताई," ते म्हणाले. "कागदावर साऊली पडून राहिली तुमची."

मी रडत बाहेर आले. त्यांच्यासाठी रडले की त्यांच्यावर चिडून, मलाच कळलं नाही.

मग तो पत्र्यांचा उद्योग. तेलाच्या मिलमधून त्यांनी रिकामे डबे आणले, कापून, ठोकून सपाट केले, घासून लख्ख केले आणि बांबूच्या चौकटीवर बसवले. ही चौकट टाकीच्या सावलीबाहेर उन्हात उभी करायची आणि कवडसा झुडपांवर पाडायचा. सूर्य सरकला की चौकट सरकवायची. रविवारी ते स्वतः, इतर दिवशी माय. खोटं कशाला बोलू, काम करत होतं ते. चार-सहा फांद्यांना तजेला आला, फुलं धरली, हिरवे मणी दिसायला लागले. मी रोज भिंतीवरून डोकावून मोजल्यासारखं बघायचे. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, जमतंय.

टाकीखाली बसणाऱ्या एका मजूर बाईचं तान्हं लेकरू होतं, झोळीत टाकलेलं. कवडसा झोळीवरून जायचा आणि लेकरू दचकून रडायचं. ती भाऊंना म्हणाली, "दादा, लेकराच्या डोळ्यावर येतंय." तिनं भांडण नाही केलं, नुसतं सांगितलं. यांनी त्याच क्षणी चौकट खाली केली आणि भिंतीला टेकवून ठेवली, पालथी.

"अहो, झोळी चार हात बाजूला बांधता येते!" मी भिंतीवरून ओरडले. "तिला सांगा की!"

"बांधली हाय तिनं. आता कुठं उठवू तिला?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्याच्या लेकराची झोप मोडवेना, आणि आपल्या आईचा सगळा उन्हाळा गेला तरी चालतो. झोळी नसेल त्या दिवशी ते चौकट उभी करायचे, पण झोळी नसायची असे दिवस थोडेच. धरलेले मणी वाळून गळायला लागले.

त्याच उन्हाळ्यात माझी नांदेडला बदली झाली. सामान ट्रकवर चढलं आणि मी निरोप घ्यायला त्यांच्या परसात गेले. रविवार होता. धुरपतामाय फालशाशी उकिडवी बसली होती, मांडीवर वाटी. फांदी फांदी उलटी करून बघत होती. वाटीत पाच-सात फळं, तीही अर्धी कच्ची, लालसर. भाऊ मागं उभे होते. कुणीतरी तिला सांगितलं असणार, टाकीखाली बसणाऱ्या बाया काय बोलत नाहीत? तिनं वळून न बघताच विचारलं, "किसन, साहेबानं तुला इचारलं हुतं म्हणं, टाकी कुठं घ्यायची?"

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"हाव," ते म्हणाले.

"मग?"

"आपलं झुडुप हुतं माय. आपल्यासाठी कसं बोलावं?"

"दुसऱ्याचं असतं तर बोलला असतास?"

"हाव. बोललो असतो."

म्हातारीनं धरलेली फांदी सोडून दिली. मग म्हणाली, "मग मी दुसऱ्याची माय असते तर बरं झालं असतं रे."

ती चिडून नाही बोलली. आज भाजी काय करू, अशा आवाजात बोलली. इतके दिवस मी घसा फोडून जे सांगत होते ते तिनं एका वाक्यात सांगितलं, आणि भाऊंच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

दुपार कलली होती. त्या वेळी टाकीच्या दोन खांबांमधून उन्हाची एक पट्टी त्या रांगेवर यायची, थोडा वेळ, तेवढीच. ती आली. मधल्या झुडपावर पडायला पाहिजे होती, ती भाऊंच्या पाठीवर पडली. ते तिथंच उभे, हात लोंबकळलेले, आईच्या डोक्याकडं बघत.

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मी मायच्या पाया पडले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मान वळवून लेकाला म्हणाली, "बाजूला हो. ऊन अडून राहिलंय."

भाऊ चटकन बाजूला सरकले.